खंडेनवमीचा धागा

उदगीरला कॉम्प्युटरचा क्लास चालवणाऱ्या वैजनाथच्या घरी जिन्याखाली एक डबा होता. तसा तो जुनाच कॉम्प्युटर. पण वैजनाथनं त्यात दोन हार्ड डिस्क बसवून त्याचं कोठार केलं होतं. एकीवर ठेवलेलं दुसरीवर आपोआप उतरायचं, त्यामुळे एक गेली तरी दुसरी शाबूत. भावकीत कुणाचं बारसं असो की कुणाचं लग्न, फोटो डब्यात जायचे. "फोनमधले काढून टाक बिनघोर, वैजनाथच्या डब्यात हायत," असं रेणापूरचे पाहुणेसुद्धा म्हणायचे. ते ऐकून त्याची मान ताठ व्हायची. औत धरता येत नाही म्हणून लहानपणी त्यानं टोमणे खाल्ले होते. डब्यानं त्याला भावकीत जागा दिली होती.

दसरा झाला आणि डबा बिघडला. मधूनच एक डिस्क सापडेनाशी व्हायची. बंद करून चालू केला की शहाण्यासारखी परत यायची, आणि थोडे दिवस गेले की पुन्हा तेच. वैजनाथनं ती काढून, जिथून घेतली होती त्या चंद्रप्पाच्या दुकानात नेली. चंद्रप्पाचं दुकान गल्लीच्या तोंडाशी. माणूस मितभाषी, कपाळाला भस्म, गिऱ्हाइकाशी कधी आवाज चढवून बोलला नाही. त्यानं डिस्क लावून पाहिली.

"सर, माझ्याकडं तर नीट चालायलीय."

"तुमच्याकडं चालती आन् माझ्या घरी मरती? माझ्या घरात काय भूत हाय का?"

चंद्रप्पानं वाद घातला नाही, डिस्क बदलून दिली. तीही तशीच वागली. त्यानं तीही बदलून दिली.

चुलतभाऊ बालाजीच्या साखरपुड्याला रामकिशनकाकांनी सोयऱ्यांसमोर हौसेनं फर्मावलं, "वैजनाथ, आमच्या सत्यनारायणाची शूटिंग लाव बरं टीव्हीवर. बघू द्या पाहुण्यांना." वैजनाथनं फोनवरून डब्याला हाक दिली. टीव्हीवर गोल चक्र फिरत राहिलं; रुसलेली डिस्क शोधण्यातच डबा गुंतला होता. पंगत बसली, पानं वाढली गेली, तरी चक्र फिरतच होतं.

"का रे, झाकण अडकलं का डब्याचं?" काका म्हणाले आणि सगळी पंगत हसली.

वैजनाथच्या कानशिलाला आग लागली. तो जरा जास्तच मोठ्यानं बोलला, "डब्याचा काय दोष? चंद्रप्पानं जुन्या डिस्क पुसून नव्या म्हणून गळ्यात मारल्यात!"

गल्लीतला म्हणून बोलावलेला चंद्रप्पा समोरच्याच ओळीत बसला होता. बुंदी वाढणारा नेमका तेव्हाच त्याच्यापुढे आला. चंद्रप्पानं पानावर आडवा हात धरला, "बास," एवढंच म्हणाला आणि उठला. पानात भात तसाच, त्यावर वरणाची धार तशीच. या भागात माणूस भरल्या पानावरून उठला तर कुणी हसत नाही. कुणी हसलं नाही.

घरी आल्यावर वैजनाथनं स्वतःची समजूत घातली की आपण खोटं काही बोललो नाही. आता पुरावाच काढून चंद्रप्पाच्या तोंडावर टाकू, म्हणून त्यानं डिस्कचा अहवाल उघडला. डिस्कवर खराब झालेली जागा शोधली. एकही नव्हती. वाढत गेलेला आकडा वेगळाच होता. डिस्कपासून डब्यापर्यंत येताना, वाटेत, जी माहिती बिघडते तिचा. हा फरक तो स्वतः क्लासमध्ये शिकवायचा. "रस्ता खराब असला तर गाडी बदलून काय उपयोग?" हे त्याचंच ठरलेलं वाक्य होतं. डिस्क पहिल्यांदा रुसली तेव्हाच हा आकडा बघायला हवा होता. त्यानं बघितला नव्हता. चोर आधीच ठरवून ठेवला होता.

जिन्याखाली डब्याच्या शेजारी सत्यशीलाची घरघंटी होती. त्यानं बायकोला हाक मारली.

"घरघंटी चालू कर जरा."

"अहो, दळण कवाच झालं. रिकामी फिरवू नये म्हणतेत."

"मूठभर ज्वारी टाक, पण फिरव."

घरघंटी घरघरली, फरशी थरथरली, आणि स्क्रीनवरचा आकडा त्याच्या डोळ्यांदेखत वाढला. वैजनाथनं डब्याचं झाकण काढलं.

आत लाल धागा होता. खंडेनवमीला विळा, पाना, मोटारसायकल, सगळ्यांची पूजा होते. त्यानं मोठ्या हौसेनं डबा उघडून आतल्या डिस्कलाही हळदकुंकू लावलं होतं, धागा गुंडाळला होता, आणि फोटो काढून 'आमचं शस्त्र' असं लिहून स्टेटसला ठेवला होता. धाग्याची गाठ केबलवरून गेली होती. ती केबलला एका बाजूला ओढत होती, आणि तिच्या टोकात कुंकवाची खपली बसली होती. थरथर झाली की केबल सुटायची. तशी डिस्क त्यानं दोनदा बदलली होती. पण दोन्ही वेळा पूजेचा धागा तोडू नये म्हणून तो अलगद बाजूला सरकवून तीच केबल नव्या डिस्कला लावली होती.

त्यानं धागा कापला, कपाटातली कोरी केबल लावली. घरघंटी फिरत राहिली. आकडा हलला नाही. सत्यनारायणाची शूटिंग झटक्यात उघडली; काका सोवळं सावरत पाटावर बसत होते. वैजनाथला ते बघवेना.

"सापडलं का?" सत्यशीलानं विचारलं.

"सापडलं," तो म्हणाला. कुठं ते सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी, समोरच्या हॉटेलातली माणसं पांगेपर्यंत रेंगाळून तो चंद्रप्पाच्या दुकानात शिरला. काउंटरवर वाकून हळूच म्हणाला, "माझी चूक झाली. डिस्क चांगल्या होत्या. केबल खराब होती."

चंद्रप्पा एक स्क्रू पिळत होता. तो पिळून झाल्यावर त्यानं वर पाहिलं.

"सर, पंगतीत तुमचा आवाज केवढा होता! आता कानात बोलायलात?"

दुकानातून वैजनाथ चोरासारखा बाहेर पडला. त्यानंतर बाजारात जायला तो लांबची गल्ली धरू लागला. क्लासमध्ये गाडीरस्त्याचं ते वाक्य तोंडाशी आलं की गिळायचा.

बालाजीचं लग्न फाल्गुनात लागलं. चंद्रप्पा अक्षता टाकून निघाला होता. बालाजीनंच हाताला धरून त्याला पंगतीत बसवलं. वैजनाथनं ते पाहिलं आणि वाढप्याच्या हातातून बुंदीची बादली घेतली. पहिल्या पानापासून तो वाढत निघाला. चंद्रप्पापुढे आला तेव्हा पानावर तो आडवा हात आधीच होता.

वैजनाथ ताठ उभा राहिला.

"ऐका हो सगळे," तो म्हणाला. "साखरपुड्यात मी बोललो ते खोटं होतं. चंद्रप्पाअण्णांनी दिलेल्या डिस्क चांगल्या होत्या."

पंगत थांबली. रामकिशनकाकांचा घास हातात राहिला. "मंग बिघाड कशात होता, रे?"

इथपर्यंतच बोलायचं असं त्यानं ठरवलं होतं. चंद्रप्पाचा हात अजून पानावरच होता.

"माझ्यात," वैजनाथ म्हणाला. "खंडेनवमीला मीच धागा बांधला, त्यानं केबल ओढली गेली. आत कुंकू बी मीच भरलं. आन् नाव अण्णांचं घेतलं."

"अरं तिच्यायला," पलीकडून कुणीतरी म्हणालं, "कॉम्प्युटर शिकवतंय आन् डिस्कला कुंकू लावतंय!" हशाची लाट ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. वैजनाथ बादली धरून उभा राहिला. हशा ओसरेपर्यंत जागचा हलायचं नाही, एवढंच त्याला कळत होतं.

चंद्रप्पा हसला नाही. त्यानं पानावरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"वाढा," तो म्हणाला.