सरळ केलेले ओठ

मी फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. वर्गात पोरं मला घाबरतात आणि मला ते आवडतं. म्हणजे, आवडायचं. नसरापूरच्या बाजूला एका कला महाविद्यालयात मी व्यक्तिचित्रण शिकवते आणि उरलेल्या वेळात स्वतःची चित्रं करते. उरलेला वेळ कुठला आलाय डोंबलाचा! मिळेल तिथून वेळ चोरायचा, हाच माझा धंदा.

गेल्या वर्षी माझं प्रदर्शन तोंडावर आलं होतं. वर्गाला मॉडेल म्हणून एक म्हातारे बाबा यायचे, पासलीच्या वरच्या वाडीतले. सगळं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं, आता वरव्याला लेकीकडे राहत होते. एकदा बसले की तासभर पापणीशिवाय काही हलायचं नाही. मी त्यांना म्हटलं, "बाबा, वर्ग साडेदहाला असतो, पण तुम्ही साडेआठलाच या. माझं चित्र करू."

"येतो की बाई. बसायचंच तर हाय," म्हणाले.

पंधरा दिवस रोज दोन तास माझ्यासाठी, मग दोन तास पोरांसाठी. तो चेहरा मला इतका पाठ झाला की डोळे मिटून काढला असता.

त्या दिवशी नऊच्या सुमाराला ते म्हणाले, "बाई, डावा हात लई जड वाटतोय."

"बसून बसून मुंग्या आल्या असतील. झटका जरा," मी म्हटलं. त्यांनी झटकला. चित्रातला चेहरा माझा कधीच रंगवून झाला होता, मी सदऱ्याच्या घड्या रंगवत होते. तेच करत राहिले.

साडेदहाला वर्ग सुरू झाला. साडेअकराला मी पोरांची कामं बघायला निघाले. वेल्ह्याकडची एक अबोल मुलगी आहे, तिच्या कागदावर बाबांचे ओठ एका बाजूला उतरलेले.

"अगं, तोंड वाकडं काढलंस की! समोर बघतेस का छताकडे?"

"मॅडम, बघूनच काढलंय. आधी सरळच व्हतं. वाकडं दिसायला लागलं म्हणून पुसून परत केलं."

वर उलट उत्तर! मी तिच्या हातातून कोळसा घेतला आणि मान वर न करता ओठ सरळ करून दिले. पुढच्या मुलाचेही वाकडेच. "एकमेकांचं बघून काढता काय रे?" म्हणत तेही सरळ केले. तिसऱ्या कागदावरही तेच वाकडं तोंड, तिथं मात्र माझा हात थांबला. ही तिघं वर्गाच्या तीन कोपऱ्यांत बसली होती.

मी वर बघितलं. बाबांचं तोंड डावीकडे ओघळलं होतं. लाळ सदऱ्यावर उतरली होती. तरी ते हलत नव्हते, कारण हलू नका असं मीच बजावलं होतं. डोळे तेवढे माझ्याकडे लागलेले. अगं बाई, मी काय करून बसले!

गाडी माझीच काढली. पोरांनी त्यांना उचलून मागं आडवं केलं, ती मुलगी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली. मी देवबिव मानत नाही, पण खेड शिवापूरपासून कात्रजपर्यंत आठवेल त्या देवाचं नाव घेतलं आणि पुढच्या ट्रकवाल्यांना शिव्या घातल्या. मागून बाबांची घरघर ऐकू आली की भीती वाटायची, थांबली की त्याहून जास्त.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. म्हणाल्या, "लकवा आहे. नेमका कधी सुरू झाला? गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं. उशिरा दिलं तर मेंदूत रक्तस्राव होऊन माणूस जाऊ शकतो."

वर्गातली ती मुलगी म्हणाली, "पावणेअकरापर्यंत तोंड सरळ व्हतं. म्या तवाच काढलंय."

"मग वेळ आहे," म्हणत डॉक्टरांनी लिहून घेतलं.

मलाही तेच हवं होतं, खोटं कशाला बोलू? पावणेअकराला सगळा वर्ग साक्षीला होता. नऊला मी एकटी होते. नोकरी जाईल, लोक तोंडात शेण घालतील, प्रदर्शन तर संपलंच. पण वेळ चुकीची धरली तर तेच इंजेक्शन बाबांचा जीव घेईल.

"नऊला," मी म्हणाले. "हात जड झालाय, असं नऊलाच म्हणाले होते. मी लक्ष दिलं नाही."

त्यांनी घड्याळ बघितलं. जेमतेम पाऊण तास उरला होता. "आधी सांगायचं ना!" त्या ओरडल्या आणि बाबांना धावतच तपासणीला नेलं. इंजेक्शन वेळेत मिळालं.

संध्याकाळपर्यंत बाबांनी डोळे उघडून, निरोप मिळून आलेल्या लेकीला ओळखलं. बोलणं जडच होतं, पण जीव वाचला होता. लेक बाहेर आली, माझे दोन्ही हात धरले. "बाई, तुमची नजर म्हणून कळलं. घरी असते तर कुणाच्या ध्यानात आलं असतं?" आणि ती माझ्या पाया पडायला वाकली.

नऊचं, सरळ केलेल्या ओठांचं, सगळं सांगायला हवं होतं. डॉक्टरांपुढं झालं तेवढं धाडस पुन्हा झालं नाही. "असू द्या, असू द्या," म्हणत मी तिला उठवलं. ती मुलगी भिंतीपाशी उभी होती, बोटांना अजून कोळसा लागलेला. मॉडेलकडे बघतात तशी ती माझ्या चेहऱ्याकडे बघत होती.