आठ दिवस कमी पडले

ते प्रकरण इतक्या वर्षांनीही माझ्या मनातून जात नाही. नोकरीत चोर पुष्कळ पाहिले आणि विसरलोही. हा माणूस चोर नव्हता, म्हणूनच बहुधा विसरत नाही. आता घरी बसल्या बसल्या त्याला एकदा भेटायला हवं होतं, असं फार वाटतं.

मी तेव्हा अमरावतीच्या कोतवालीत जमादार होतो. साता समुद्रापलीकडे कुठेतरी लढाई जुंपली होती आणि तिच्यापायी आमच्या वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. बाजारात दलाल रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवत, आणि रुमाल निघेपर्यंत भाव आणखी चढलेला असे. तिघाचौघांनी भांडवल एकत्र केलं की पेढीला 'कंपनी' म्हणायची टूम निघाली होती. अशाच एका कंपनीचे शेठ एका दुपारी धापा टाकत ठाण्यात आले. तिजोरी रिकामी झाली होती आणि किल्ली मुनिमाजवळ होती.

पंचनामा केला. कुलूप शाबूत, कडी शाबूत. मुनिमाला कोठडीत घातलं. पन्नाशीचा, सडपातळ, कपाळावर गंधाचा बारीक टिळा. बायको कौंडण्यपूरला. बारा वर्षांचा पगार त्याने पेढीतच ठेवलेला, आणि येत्या कार्तिकात तो घेऊन कायमचा घरी जायचं ठरवलेलं. चोरी शाबीत झाली असती तर कार्तिक तुरुंगात गेला असता.

तीन दिवस जबानी घेतली. मी काही सोवळा पोलीस नव्हतो, पण या माणसावर हात उगारवेना. "चोरी मी नाही केली," एवढंच तो म्हणे. मात्र रोज सकाळी न चुकता विचारी, "जमादार साहेब, आज कोणता वार? मुंबईकडून कोनी आलं काय?" कोठडीतला माणूस बायकोची खबर विचारतो, जामिनाचं विचारतो. हा वार विचारत होता. ते मला खटकलं, पण उलगडेना.

उलगडा केला एका माळीणबाईने. ती शेठच्या घरी भाजी घालत असे. चौथ्या दिवशी टोपली ठाण्याच्या पायरीवर ठेवून ती म्हणाली, "साहेब, चोर कुठी शोधून राहिले तुमी? त्या घरात पंधरा दिसापासून पैसा नाही. माह्या वांग्याचे चार पैसे मागतले तं शेठाणी म्हणते उद्या ये. चोरी तं आता झाली ना?"

मी थक्क झालो. ज्यांचा कापूस गाड्या भरभरून मुंबईला जातो, त्यांच्याकडे वांग्याला चार पैसे नव्हते! तिजोरी चोरीच्या आधीपासून रिकामी होती.

मी मुनिमासमोर बसलो आणि माळीणबाईचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. तो डोळे पुसत म्हणाला, "साहेब, पेढी बुडाली नाही जी. कापूस आहे, तो विकल्या गेला, त्याच्या पैशाची हुंडी मुंबईहून येऊन राहिली. पण ती यायले आठ दिवस, अन् आमी दिलेल्या हुंड्या याच हप्त्यात भरा लागतात. गाडीवानाचं भाडं, हमालाची मजुरी, कास्तकारांच्या उधारीच्या चिठ्ठ्या, सारं याच हप्त्यात. आज नाही म्हटलं तं सारा बाजार एकाच दिवशी दारात येते."

"मग चोरीचं सोंग काहून?"

"चोरी झाली म्हटलं तं लोकं हळहळतात, चार दिवस दम धरतात. पैसा नाही म्हटलं तं कोनी धरत नाही. मीच म्हटलं शेठले, मी बसतो कोठडीत. हुंडी आली की पैसा सापडला म्हणा." मग त्याने माझे पाय धरले. "आठ दिवस थांबा साहेब. फक्त आठ."

खोट्या फिर्यादीला आठ दिवसांची सवलत देणारं कलम कुठल्याच कायद्यात नाही. मी तरणा होतो, कर्तव्याचा ताठा होता. जबानी लिहून साहेबांकडे कागद धाडला. ठाण्यातली बातमी फुटायला भिंतीला कान लागत नाहीत, शिपायांची तोंडं पुरतात.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून पेढीपुढे रीघ लागली. दुपारी रखरखत्या उन्हात शेठनी दारात दिवा लावला आणि गादी उलटी केली. दिवसा दिवा म्हणजे दिवाळं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. चोरीच झाली नव्हती, म्हणून मुनीम सुटला होता. समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसून तो त्या दिव्याकडे बघत होता, आणि मला त्याच्याजवळ जायचा धीर झाला नाही.

आठव्या दिवशी मुंबईची हुंडी आली. ज्याचं त्याचं देणं पै न् पै फिटलं. पण गेलेली पत हुंडीने परत येत नाही; पेढी उघडली नाही ती नाहीच. मुनिमाला मात्र काहीच मिळालं नाही. द्यायच्या रकमांची यादी त्याने स्वतः केली होती आणि तीत स्वतःचं नाव घातलं नव्हतं. घरच्या माणसाचं मागाहून बघू, म्हणाला. कार्तिकाची वाट न बघता तो रिकाम्या हाताने पायी निघून गेला.

घर किती मोठं हे बघू नये, आज देणं किती आणि आज हातात काय ते बघावं, हे मी त्या प्रकरणात शिकलो. पुढे अकोल्याला ठाणेदार झाल्यावरही अफरातफरीचा तपास आला की मी आधी भाजीवालीला गाठायचो. त्या युक्तीने माझं नाव झालं.

काही वर्षांनी कौंडण्यपूरच्या जत्रेत बंदोबस्ताला गेलो, तेव्हा गर्दीत त्याचाच चेहरा शोधत होतो. सापडली ती त्याची बायको. तो वारला होता.

"घरी आले होते जी," ती म्हणाली. "बारा वरसं मी वाट पायली. आले, तं दारात बसत अन् विचारत, आज कोणता वार? दोन वरसं घरात होते, पण मले काही भेटले नाही."

कायद्याने मी चुकलो नाही, आजही तसंच म्हणेन. तरी ते आठ दिवस पुन्हा मिळाले, तर तो कागद मी खिशातच ठेवीन.