नंदाचा ताप

माझ्या बायकोच्या मामांइतकी माणसं आख्ख्या मावळात कुणी मारली नसतील, आणि मारलेल्या प्रत्येकाचं सुतक इतक्या मनापासून कुणी पाळलंही नसेल. मामा मळवलीला भातशेती करतात आणि उरलेल्या वेळात कादंबरी लिहितात. कादंबरीत माणूस गेलं की मामांची दाढी बंद, गोड बंद. एकदा ऐन पाडव्याला आम्ही जेवायला गेलो, तर मामांच्या पानात नुसता वरणभात. आदल्या दिवशी त्यांचा म्हातारा गंगाराम गेला होता. मामी वैतागल्या. "कागदावर मेला की वो त्यो! एवढ्या पुरणपोळ्या केल्यात, त्या कुणी खायच्या?" मामा शांतपणे म्हणाले, "कागदावर असंल, पर मारला म्याच न्हवं?"

माणूस खरा उतरला पाहिजे, याचा त्यांना भारी ध्यास. गोष्टीतल्या नारायणाला स्टेशनापासून घरापर्यंत पोतं वाहायचं होतं, तर मामा स्वतः तांदळाचं पोतं डोक्यावर घेऊन निघाले. ओळखीच्या टेम्पोवाल्यानं गाडी थांबवली, तर त्याच्यावरच डाफरले, "जा तू. हे पोतं नारायणाचं हाय." घरी आल्यावर गुडघे चोळत मला म्हणाले, "जावईबापू, आपण उगाच मान दुखली म्हणून लिवतो. मान न्हाई, गुडघं बोलत्यात." आता या माणसाला काय म्हणावं!

म्हणूनच नंदाचं मला नवल वाटायचं. नंदा म्हणजे कादंबरीतली शेतकऱ्याची मुलगी. भातलावणीला सगळं गाव चिखलात भिजून शिंकायचं, ही आपली ठणठणीत. कधी पडली नाही, रुसली नाही, खोटं बोलली नाही. एकदा न राहवून मी म्हणालो, "मामा, बाकीची माणसं जिवंत वाटतात, ही पोरगी नाही वाटत. हिला साधा ताप तरी येऊ द्या." मामांनी कागद आवरले आणि ते म्हशीकडे निघून गेले. मामींनी मला आत बोलावलं. "आमची ल्हानगी तापानंच गेली, जावईबापू. तुमी जावई व्हायच्या लय आधी. तिलाच मोठी करत्यात हे. मी बी ऐकत बसते. शाळंत घातली, दहावी केली..."

त्यानंतर कितीतरी दिवस नंदाचं नाव निघालं नाही. मग परवा मामांचा फोन आला, "या दुपारच्याला. ताप आणलाय." आवाज इतका खोल, की मला वाटलं त्यांनाच बरं नाही. गेलो तर ओसरीवर कागद घेऊन बसलेले. वाचू लागले. नंदा गोधडी लाथाडत होती, औषध थुंकत होती, कुणी हात लावला की चिडत होती, आणि आईशिवाय कुणालाच जवळ येऊ देत नव्हती. हाडामांसाची पोरगी होती ती. मामा मधे एकदाही थांबले नाहीत. शेवटचा कागद खाली ठेवून त्यांनी विचारलं, "खरी वाटती का आता?" मी मान डोलावली.

मामी पिठाचे हात तसेच घेऊन दारात उभ्या होत्या. "उतरला का वो ताप?"

"अजून लिवलं न्हाई," मामा म्हणाले.

"मग लिवा की. मी बसते तिच्यापाशी."

आणि हात पदराला पुसून मामी त्या कागदांपाशी जाऊन बसल्या.