ओली राख
परवा भोकरदनच्या बाजारात रताळी निवडताना एक हाताला लिबलिबीत लागलं आणि त्या आंबूस, दारूसारख्या वासानं मला लग्नानंतरचा पहिला हिवाळा आठवला. शिवरात्रीच्या बाजारासाठी आम्ही रताळी खड्ड्यात ठेवत होतो आणि सासूबाई चुलीची राख चाळून थरावर थर देत होत्या. "कुदळ लागलेलं आत टाकू नको. एक सडलं की बाकीचे बी सडतेत," त्यांनी मला बजावलं होतं. खणताना माझ्या हातून दोन-चार कापली गेली होती. सासरे ओरडतील म्हणून मी घावांवर माती चोपडली आणि ती खाली सरकवली. शिवरात्रीच्या तोंडावर खड्डा उघडला, तर आत नुसता काळा चिखल. "राख ओली व्हती तुझी!" सासरे सासूबाईंवर कडाडले. सासूबाईंनी एक अर्धवट सडलेलं रताळं उचललं, त्यावरचा कुदळीचा घाव अंगठ्यानं चाचपला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "व्हय, ओलीच व्हती." त्यानंतर सासऱ्यांनी त्यांना खड्ड्याजवळ फिरकू दिलं नाही. आता त्याही नाहीत. यंदा माझ्या सुनेनं विचारलं, राख एवढी का वाळवता? मी म्हणाले, "एकदा तुझ्या आजेसासूची राख ओली निघाली होती."