शनिवारी जागा सोडायची नाही

सोवळं नेसून फुटबॉलचा सामना बघणारा माणूस साऱ्या उत्तर अमेरिका खंडात एकच असावा, आणि तो नेमका माझा साडू असावा, याला मी बरेच दिवस योगायोग समजत होतो. मी वाहनविम्याच्या कंपनीत अपघातांची शक्यता मोजतो. साडू मोटारींच्या ब्रेकचे भाग तपासून पास-नापास करतात. म्हणजे सोमवार ते शुक्रवार आम्ही दोघंही दैवावर काही सोडत नाही. पण या वर्षी सप्टेंबरपासून शनिवारी दुपारी बारा वाजले, की पन्नाशी ओलांडलेला आणि नागपूर सोडून इथल्या ट्रॉय गावात तेवीस वर्षं काढलेला हा इंजिनियर पिवळं रेशमी सोवळं नेसून टीव्हीसमोर पाटावर बसायचा. मी त्याच्या दाराशी, चपलांच्या रॅकशेजारच्या बुटक्या स्टुलावर, उजव्या पायात बूट आणि डाव्या पायात नुसता मोजा अशा अवस्थेत बसलेला असायचो. सामना साधारण साडेतीन तास चालतो. त्यातला प्रत्यक्ष खेळ मी घड्याळ लावून मोजला, तो बारा मिनिटांच्या आसपास भरला. उरलेला वेळ माणसं उभी राहून विचार करतात.

फुटबॉल म्हणजे इथला, ज्याचा पायाशी फारसा संबंध नाही तो. संघ साडूंच्या मुलाच्या, ओजसच्या कॉलेजचा. गेल्या वर्षी या संघानं बारा सामन्यांपैकी दोन जिंकले होते आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. ओजस स्वतः खेळत नाही. तो कॉलेजच्या बँडमध्ये, अजगरासारखं अंगाभोवती वेढून घ्यायचं एक प्रचंड पितळी वाद्य वाजवतो. दोन वर्षं ते छंद म्हणून चाललं होतं. जूनमध्ये तो घरी आला आणि त्यानं सांगितलं, की कॉम्प्युटरचा कोर्स सोडला, आता संगीताचा शिक्षक होणार. साडू म्हणाले, "त्या पिपाणीवर पोट भरशील?" शब्दाला शब्द वाढला. पोरानं बॅग उचलली, दारात उभा राहून "मी जातो" म्हणाला आणि गेला.

आता कोणत्याही मराठी घरातून निघणारा माणूस "येतो" म्हणतो. दुकानात निघालेला म्हणतो, सातासमुद्रापार निघालेला म्हणतो. "जातो" कोणी म्हणत नाही. साडूंच्या मनात भांडणातलं दुसरं काही उरलं नाही, हा एक शब्द मात्र रुतून बसला. "जातो म्हणाला ना? मग आता त्यानंच यायचं," असं त्यांनी जाहीर केलं आणि फोन करणं बंद केलं. ओजसनंही केला नाही. तो आईशी बोलायचा, बाप शेजारच्या खोलीत पेपरची घडी घालत ऐकायचा. जून गेला, जुलै गेला, ऑगस्ट गेला.

गणपतीतल्या शनिवारी मी प्रसादाला गेलो होतो. आरती झाली, मोदक झाले, मी निघालो. स्टुलावर बसून एक बूट घातला, तेवढ्यात साडूंनी बातम्यांसाठी लावलेल्या टीव्हीवर तो सामना लागला आणि संघानं काहीतरी भलतंच चांगलं केलं. "साडूभाऊ, हलू नका जागचे," ते ओरडले. क्रिकेट बघत वाढलेल्या माणसाला याचं कारण सांगावं लागत नाही. मी थांबलो. संघ जिंकला. पाच मिनिटांत साडूंचा फोन वाजला. आईचा नव्हे, बापाचा. पलीकडे मैदानावरचा गोंगाट, आणि त्यातून ओजस ओरडत होता, "बाबा, डिड यू सी दॅट? वी वन!" आनंदाच्या भरात पोरगं भांडण विसरलं होतं. साडूंनी "हो, हो, पाहिलं ना," एवढंच म्हटलं. फोन ठेवल्यावर त्यांनी एक मोदक देवापुढे ठेवला. मग माझ्या पायांकडे बघून म्हणाले, "पुढच्या शनिवारी असेच या. एकच बूट."

तिथून माझे शनिवार संपले. साडूंचा हिशेब सरळ होता: संघ जिंकला तर फोन येणार, हरला तर येणार नाही, आणि संघ जिंकायचा तर पहिल्या दिवशी जे जसं होतं ते तसंच राहायला हवं. ते सोवळ्यात, मी स्टुलावर आणि ताई स्वयंपाकघरात. ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. पहिल्या दिवशी ती मोदकांचा पुढचा घाणा उकडत असल्यामुळे बाहेर आली नव्हती, म्हणून आता सामना संपेपर्यंत तिला हॉलमध्ये मज्जाव होता. शिवाय मोदक. दर शनिवारी एकवीस, उकडीचे. "गणपती गेले पाण्यात, मोदक काही जाईनात," ताई आतूनच म्हणायची. "फ्रोझन नारळाची अख्खी शेल्फ मी रिकामी केली. दुकानदार विचारतो, वहिनी, केटरिंग सुरू केलं का?" मला गोड वर्ज्य आहे. पण पहिल्या शनिवारी मी तीन खाल्ले होते, त्यामुळे दर शनिवारी तीन खाणं भाग होतं. डॉक्टरला काय सांगायचं असं विचारलं, तर साडू म्हणाले, "सांगा, सीझनपुरतं आहे जी."

चौथ्या शनिवारी मी बंड केलं. छताच्या पन्हाळीत पानं साचली होती, ती काढायला शिडी लावून वर चढलो. पावणेबाराला साडूंची गाडी आमच्या दारात उभी राहिली आणि तीतून ते उतरले, सोवळ्यात, वर जाड जाकीट आणि पायात बर्फाचे बूट.

"काहून वर चढले? सामना आहे ना."

"भाऊसाहेब, माझ्या बसण्यानं बॉल पुढे जात नाही."

"मग तुमच्या न बसण्यानं पानं तरी खाली येतात का? सकाळपासून चढलात, पन्हाळ भरलेलीच दिसते."

माझी बायको खिडकीतून म्हणाली, "अहो, जा ना. भाऊजी थंडीत उभे आहेत." मी उतरलो. संघ जिंकला.

मी त्यांना आकडे दाखवून बघितले. गेल्या वर्षीच्या खेळावरून सामना जिंकण्याची शक्यता सहात एक. ओळीनं सहा जिंकण्याची शक्यता सेहेचाळीस हजार सहाशे छप्पन्नांत एक. म्हणजे हे फार काळ चालणार नाही, हे मला सभ्य शब्दांत सांगायचं होतं. साडूंनी कागद नीट वाचला, घडी घालून देव्हाऱ्यात ठेवला आणि म्हणाले, "म्हणजे तुमच्या बसण्यात केवढी ताकद आहे, पाहा."

दरम्यान सगळा भागच वेडा झाला होता. जिंकायची सवय नसलेल्या लोकांना जिंकल्यावर काय करावं ते कळत नाही. घरांवर झेंडे लागले, पोस्टमन संघाच्या रंगाची टोपी घालून यायला लागला, किराणा दुकानात अनोळखी माणसं एकमेकांना मिठ्या मारू लागली. साडूंच्या समोरच्या घरातले आजोबा मोटारीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांचं संघाचं जाकीट माझ्या ड्रायव्हिंग लायसन्सपेक्षा जुनं आहे. ते दर शनिवारी मी पोचलो, की रस्ता ओलांडून यायचे आणि मला हळू आवाजात इंग्रजीत विचारायचे, "तो पिवळा स्कर्ट नेसणार आहे ना?" मी हो म्हटलं की निश्चिंत होऊन परत जायचे. जिंकल्यावर ते ड्राइव्हवेवर येऊन गाडीचा हॉर्न वाजवत. साडूंनी याला उत्तर म्हणून देव्हाऱ्यातला शंख काढला.

साडूंना शंख वाजत नाही. म्हैस चिखलात रुतली असावी, असा एक आवाज निघतो. पाचव्या विजयाच्या दिवशी हा आवाज फोनवरून ओजसनं ऐकला.

"बाबा, व्हॉट वॉज दॅट?"

"शंख."

"ओ माय गॉड. गाल फुगवू नका. लिप्स टाइट. पोटातून हवा."

फोन स्पीकरवर होता. मी स्टुलावरून बघत होतो. ज्यांनी पिपाणी म्हणून हिणवलं होतं, ते साडू ओठ आवळून, पोट आत घेऊन, पोरगं सांगेल तसं फुंकत होते. तिसऱ्या खेपेला एक खरा, लांब सूर निघाला. समोरच्या आजोबांनी दोन वेळा हॉर्न दिला. "गुड, बाबा," ओजस म्हणाला, आणि पलीकडे कोणीतरी हाक मारल्यामुळे त्यानं फोन ठेवला. साडूंचे कान लाल झाले होते. ते म्हणाले, "थंडी फार आहे."

त्या रात्री मी बायकोला म्हटलं, की हा माणूस फोन उचलून पोराचा नंबर का लावत नाही? ती म्हणाली, "जातो म्हणाला ना तो." मला हे प्रकरण आता असह्य झालं होतं. सहावा सामनाही जिंकून झाला, तेव्हा आठवड्यात मीच ओजसला फोन केला आणि सरळ विचारलं, "बाळा, जूनमध्ये घरून निघताना तू 'जातो' का म्हणालास?"

तो गोंधळला. "काका, बिकॉज आय वॉज लीव्हिंग. जात होतो. मग काय म्हणायचं?"

"'येतो' म्हणायचं."

"पण मी येत नव्हतो."

व्याकरणाच्या दृष्टीनं त्याचंच बरोबर होतं.

सातव्या शनिवारी सगळं जिथल्या तिथे होतं. सोवळं, स्टूल, मोदक, माझा एक बूट. संघ हरला, आणि थोडक्यात नाही, तीस गुणांनी हरला. समोरचे आजोबा बाहेर आले, झेंडा थोडा सरळ केला आणि आत गेले. साडूंनी टीव्ही बंद केला, फोन पाटाशेजारी ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसले. पाच मिनिटं झाली, वीस झाली. ताई दारात येऊन उभी राहिली, आता तिला अडवायला कोणी नव्हतं. पाऊण तासानं साडू म्हणाले, "तुम्ही तिसऱ्या क्वार्टरला पाय हलवला होता."

मी सात शनिवारांचा राग धरून बोललो. "भाऊसाहेब, त्याला जातो आणि येतो यातला फरकच माहीत नाही. मी विचारलं त्याला. जात होता, म्हणून जातो म्हणाला. एवढंच आहे ते."

"सात वर्षं नेलं मी त्याला रविवारच्या मराठी शाळेत. चाळीस मैल."

"तिथे हे शिकवलं नसेल."

ताई म्हणाली, "अहो, तिथे तोही हरूनच बसला असेल ना." तेव्हा त्यांनी फोन उचलला. नंबर लावला, आणि घंटी वाजत असताना माझ्याकडे वळून विचारलं, "हरल्यावर काय बोलायचं असतं?" तेवढ्यात ओजस "हॅलो?" म्हणाला. मागे कसलंसं संगीत चालू होतं.

"हे काय वाजतंय?" साडूंनी विचारलं.

"आम्हीच, बाबा. द बँड. मी आत्ता ब्रेकवर आहे."

"हरल्यावरही वाजवता?"

"ऑफ कोर्स. जिंका, हरा, लोक बाहेर जाईपर्यंत वाजवायचं. दॅट्स द जॉब."

साडूंनी फोनचा आवाज वाढवला. मग म्हणाले, "बरं. मग फोन चालू ठेव आणि वाजव. आम्ही बसलोत." मी दुसरा बूट घातला आणि निघालो. ताईनं पुढे सांगितलं, की ते एकेचाळीस मिनिटं चाललं. सहा विजयांचे सहा फोन मिळून पंचवीस मिनिटं झाली नसतील.

आता साडू आणि ताई दर शनिवारी गाडी काढून कॉलेजलाच जातात. तिकीट सगळ्यात मागचं, बँडच्या बाजूचं. संघ पुन्हा गेल्या वर्षीसारखा खेळायला लागला आहे आणि त्याबद्दल साडूंची तक्रार नाही. मी पन्हाळ साफ केली, गॅरेज आवरलं, साखरेचा रिपोर्टही सुधारला. परवा दुपारी करायला काही उरलं नाही, म्हणून टीव्ही लावला. अजूनही मला त्या खेळातलं काही कळत नाही. हरणारा सामना मी साडेतीन तास बघितला, संपल्यावर कॅमेरा कधीतरी बँडकडे वळेल या आशेनं. तो वळू लागला होता. मागच्या रांगेत एक पिवळा ठिपका दिसल्यासारखं वाटलं, आणि वाहिनीनं जाहिरात लावली.