रंगाखालचा तडा

लोरेटा प्रुस्कीला वेल्डिंग तिच्या वडिलांनी शिकवलं. हट्टीपणा मात्र ती जन्मतःच घेऊन आली होती. ओहायोतल्या जत्रांतून फिरणारे प्रुस्कींचे पाळणे आता तिच्या धाकट्या भावाच्या, वॉल्टच्या, नावावर होते. पण त्यांच्या लोखंडाची काळजी वाहायची ती लोरेटानेच. तिचा नियम एकच: हंगामाआधी जुना रंग खरवडायचा, उघडं लोखंड ती बघणार, मगच नवा रंग. पाळण्याचे दांडे दिवसभर वर-खाली लवतात. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसंच त्यांचं.

यंदा गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे ती घरी अडकली. वॉल्टने मग सगळे जत्रेवाले करतात तेच केलं. आठ दांड्यांचा मोठा पाळणा जुना रंग न खरवडताच वरून चकचकीत लाल रंगवून टाकला. एरवी जुन्या रंगावर गंजाची रेघ दिसली की तडा कळायचा. आता तीही झाकली गेली.

जत्रेच्या पहिल्या दिवशी सकाळी लोरेटा काठी टेकत आली, तिने पाळण्याकडे बघितलं आणि रंग काढायच्या औषधाचा डबा उघडला.

"अगं, कालच वाळलाय तो," वॉल्ट कळवळला. "दुपारी फाटक उघडायचंय."

"मग उघड की. हा पाळणा सोडून."

"गुडघा बदललास, तसं डोकंही बदलून आणायचं होतंस."

"ते तुझ्यासाठी राखून ठेवलंय."

पहिली फेरी घरच्यांची, ही प्रुस्कींची रीत. म्हणजे लोकांना विश्वास वाटतो. वॉल्टची मुलगी कोरीन नवं जाकीट घालून आधीच एका खुर्चीत बसली होती.

लोरेटाने पहिल्या दांड्याच्या सांध्याजवळचा रंग काढला, लाल द्राव फासला, थोडं थांबून पुसला आणि वर पांढरी पूड फवारली. तडा असला तर आत मुरलेला द्राव पांढऱ्यावर उमटतो. तो दांडा स्वच्छ निघाला. पुढचेही. भोवती जमलेले पाळण्याचे कामगार हसू लागले. तिला लाज वाटत होती, गुडघा ठणकत होता, आणि आपण चुकलोच असू तर बरं, असंही वाटत होतं. तरी ती पुढे सरकली. पुढच्या दांड्याच्या टोकाच्या खुर्चीत कोरीन बसली होती.

पूड वाळली. वेल्डच्या कडेने केसासारखी लाल रेघ उमटली आणि बघता बघता बोटभर लांब झाली.

वॉल्ट वाकून बघत राहिला. त्याचा चेहरा उतरला. "वरून वेल्डिंगचा एक टाका मारला तर?"

"टाक्याशेजारीच पुन्हा फाटेल. दांडाच बदलायचा."

फाटकापाशी लोक जमू लागले होते. वॉल्टने कोरीनला हात धरून खाली उतरवलं. मग तो बहिणीशेजारी आला, दुसरा ब्रश उचलला आणि पुढच्या दांड्याचा रंग काढू लागला.