चार स्टोव्ह आणि बाबुरावांची पाठ

पुण्याहून शिकून ग्वाल्हेरला परतले तेव्हा वाटलं होतं, संस्थान गेलं, मध्यभारत झाला, आता तोही मध्यप्रदेशात चालला. नकाशावरच्या एवढ्या भिंती पडल्या, तर घरातल्याही थोड्या पडल्या असतील. म्हणून आल्या आल्या पदभ्रमण मंडळ काढलं. नियम दोनच. आपलं ओझं आपण वाहायचं आणि रात्री सगळ्यांनी एका पातेल्यातलं जेवायचं. पुण्यात आम्ही हॉस्टेलच्या मुली असेच गड चढायचो. इथे मंडळी मिळाली, ओझं हलकं करण्याच्या कल्पनाही मिळाल्या. त्या इतक्या साठल्या की आता त्यांचंच ओझं झालंय.

बंडू गर्दे पुजाऱ्यांच्या घरातला, सरकारी कचेरीत कारकून. त्याने पाठीवरचा पिट्ठू हलका केला तो सगळे सदरे एकावर एक अंगात घालून. आश्विनातल्या उन्हात दाल बाजार ओलांडेपर्यंत त्याला घेरी आली. पाणी पिऊन तो म्हणाला, "पण ताई, वजन तो कम हुआ ना?"

नाना जोगळेकर दरबारातले निवृत्त अधिकारी. प्रत्येकाने एक वस्तू कमी करा, असं मी सांगितलं. नानांनी पांघरूण काढलं आणि डब्यासकट दरबारची पगडी ठेवली. रात्रभर कुडकुडले. सकाळी मी पगडीकडे पाहिलं, तर म्हणाले, "तिघऱ्याच्या तलावावर कोणी ओळखीचं भेटलं असतं तर?"

खरं वजन होतं स्टोव्हचं. माणसं चार, स्टोव्ह चार. गर्द्यांना नानांच्या हातचं चालत नसे, कारण नाना गोऱ्या साहेबांच्या पंगतीत जेवलेले. नानांना माझं चालत नसे, कारण मी हॉस्टेलात जेवलेली. आणि बाबुराव मोहिते मराठा, म्हणून त्यांचं आम्हा तिघांच्याही घरी चालत नसे.

बाबुराव शाळेत कवायत शिकवायचे. निम्म्या वाटेवर बंडू दमला की त्याचा स्टोव्ह बाबुरावांच्या पाठीवर जाई. मग नानांचाही. "तुमचं घराणं फौजेतलं, तुम्हाला काय त्याचं," नाना म्हणायचे.

"फौज मोडली, नाना. पाठ राहिली," बाबुराव म्हणाले.

मी बंडूला विचारलं, त्यांनी वाहिलेला स्टोव्ह चालतो, मग भात का नाही? तो मला समजावत म्हणाला, "ताई, वाहणं अलग, शिजवणं अलग."

मग बंडूची कचेरी भोपाळला हलणार असं ठरलं. मंडळ फुटणारच होतं. त्याआधी एकदा तरी तिघऱ्याच्या तलावावर सगळ्यांनी एकत्र जेवावं, एवढंच मी धरून बसले. आणि बंडू आपण होऊन म्हणाला, "या खेपेला स्टोव्ह एकच नेऊ." मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

स्टोव्ह एकच नेला. बाबुरावांनी वाहिला. तलावावर पोचल्यावर कळलं, पातेली मात्र चारची चारच होती. बंडूने स्टोव्ह धुऊन घेतला आणि आधी आपला भात लावला. मग नानांनी. मग मी. माझा भात उतरला आणि स्टोव्ह फुरफुरून विझला. घासलेट संपलं होतं.

मी बाबुरावांपुढे माझं ताट सरकवलं. त्यांनी ते हळूच माझ्याकडे परत केलं. "नाना बघतायत, ताई. उद्या तुमच्या घरी बातमी जाईल, आणि परवापासून तुमचं येणं बंद." मग खिशातले फुटाणे काढून ते खात बसले. तांदूळ तसेच पिट्ठूत.

"सगळ्यांचे पिट्ठू हलके झाले," ते बंडूला म्हणाले, "आमचा तेवढाच राहिला."

बंडू हसला. नानाही हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काठावरच्या काटक्या गोळा करून तीन दगडांत पेटवल्या. नाना दात घासत समोरच उभे होते. मी बाबुरावांकडून त्यांचं पातेलं मागून घेतलं आणि त्यांच्या तांदळात माझे तांदूळ ओतले.